सत्तर किलोडाल्टनचा पाहुणा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. बाहेर मुळशीतला आषाढातला पाऊस आहे, त्यामुळे "थांबला की बघू" वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही. वीज संध्याकाळी गेली ती अजून आलेली नाही. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहून टाकते. गेले तीन आठवडे डोक्यात एकच विषय घोळतोय आणि तो इतका कोरडा आहे की घरात कुणी ऐकून घ्यायला तयार नाही. आई परवा म्हणाली, "तुझे ते मणी आणि तुझं ते धुणं, मला नको सांगूस बाई." म्हणून इथे.

विषय खरंच धुण्याचा आहे. कपड्यांच्या नव्हे, प्रोटीनच्या.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते ती हिंजवडीच्या बाजूला आहे. (तिथल्या आयटीवाल्यांना सांगितलं तर आश्चर्य वाटतं, पण हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते आणि तालुक्याचं ठिकाण पौड. मी राहते पौडला. म्हणजे रोज सकाळी भाताच्या खाचरांतून निघायचं आणि तालुका न सोडता काचेच्या इमारतींत पोचायचं.) आमच्याकडे एका प्रोटीनचे सोबती शोधायचं काम चालतं. पेशीत प्रोटीन एकटं फारसं काही करत नाही. ते कुणाला तरी धरतं, सोडतं, तिसऱ्याकडे नेऊन पोचवतं. ते कोणाला धरतं हे कळलं की त्याचं काम काय असावं याचा अंदाज येतो.

हे शोधायची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे पुल-डाउन. आपल्या प्रोटीनला एक शेपटी जोडायची. आमची शेपटी आहे जीएसटी. हसू नका, तो कर २०१७ साली आला, ही शेपटी १९८८ सालची आहे. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज असं लांबलचक नाव. शिस्टोसोमा जॅपोनिकम नावाच्या एका परजीवी कृमीचं हे प्रोटीन, वजन २६ किलोडाल्टन. स्मिथ आणि जॉन्सन या दोघांनी त्याची शेपटी करून दाखवली आणि तेव्हापासून जगभर ती वापरली जाते, कारण ती ग्लुटाथायोनला पकडते आणि ग्लुटाथायोन चिकटवलेले बारीक मणी बाजारात मिळतात. मणी अ‍ॅगरोजचे, म्हणजे मुळात समुद्रातल्या शेवाळातून काढलेल्या पदार्थाचे.

तर शेपटीवालं प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घ्यायचं आणि मण्यांवर चढवायचं. हे झालं आमिष. मग माणसाच्या पेशी फोडून त्यांचा रस, म्हणजे लायसेट, त्यावर ओतायचा. कोल्ड रूममध्ये चार अंशांना तास-दोन तास फिरवत ठेवायचं. मणी तळाला बसवून वरचा रस काढून टाकायचा. मग धुवायचं. परत धुवायचं. परत. शेवटी मण्यांवर जे उरेल ते उकळून जेलवर चालवायचं आणि निळ्या रंगात रंगवायचं. जेलवर वजनाप्रमाणे आडव्या रेघा उमटतात, त्यांना आम्ही बँड म्हणतो. एक ठळक बँड आमिषाचा. आणि नशीब असेल तर आणखी एक.

त्या "आणखी एक"साठी माणसं वर्षं घालवतात.

अडचण अशी की प्रोटीनला चिकटायला फारसं निमित्त लागत नाही. कुणाच्या अंगावर ऋण भार, कुणाच्या अंगावर धन. कुणाचे पाण्याला नको असलेले तेलकट भाग उघडे पडलेले, ते मिळेल त्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. मण्यावर, ट्यूबच्या प्लास्टिकवर, आमिषाच्या शेपटीवर, एकमेकांवर. त्यात पेशी फोडली की आतल्या सगळ्या भिंती मोडतात. जे प्रोटीन जन्मभर केंद्रकात राहिलं आणि जे कधीच केंद्रकात गेलं नाही, ते दोघं एका ट्यूबमध्ये शेजारी शेजारी येतात. त्यांनी एकमेकांना धरलं तर ते पेशीतलं वागणं म्हणायचं की आपण घडवून आणलेली गाठभेट? (इथे कुणीतरी माणसांच्या नात्यांवर घसरेल. मी घसरणार नाही. विषय आधीच कठीण आहे.)

असो. मुद्द्यावर येते.

जानेवारीपासून आमच्याकडे एक मुलगी सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला आहे. एमएस्सीची. ज्या धरणाच्या विरोधात १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, त्या धरणाच्या पलीकडच्या एका गावातली. घरी भाताची शेती, आंबेमोहोर. बोलते कमी, हात अतिशय नेटका. पिपेट धरायला तिला एकदाच दाखवावं लागलं. मे महिन्यात तिने एक जेल आणून दाखवलं. आमिषाच्या लेनमध्ये सत्तर किलोडाल्टनला एक देखणा बँड. आणि शेजारी, जिथे नुसती जीएसटी शेपटी मण्यांवर चढवून तेच लायसेट ओतलं होतं, त्या कंट्रोलच्या लेनमध्ये सत्तरला काहीही नाही. स्वच्छ.

सर खूश झाले. इतके की त्यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. दोन दिवसांनी अनुदानाच्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य आलं: नवा सोबती सापडण्याची शक्यता. मीसुद्धा तिला शाबासकी दिली, कॅन्टीनमध्ये चहा पाजला. जेल मात्र मी नीट बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण खूश झालेला माणूस जसं बघतो तसं.

जूनच्या शेवटी तिच्या शेवटच्या सादरीकरणाची तयारी सुरू झाली. शुक्रवार ठरला होता, अजून दोन आठवडे होते. ती मला स्लाइड दाखवत होती आणि मी सवयीने लेन मोजल्या. मार्कर. लायसेट. जीएसटी अधिक लायसेट. आमिष अधिक लायसेट. चार.

"अगं, लायसेट न घालता नुसतं आमिष चालवलंस का कधी?"

"नाही मॅडम. प्रोटोकॉलमध्ये नव्हतं."

प्रोटोकॉल म्हणजे एक झेरॉक्स, कोल्ड रूमच्या दाराला सेलोटेपने लावलेली. अक्षर माझं. माझ्या पीएचडीच्या दिवसांपासून माझ्याबरोबर जागा बदलत आलेला कागद आहे तो.

तिने दुसऱ्याच दिवशी ती पाचवी लेन चालवली. संध्याकाळी साडेसहाला रंग उतरवलेलं जेल लाइट बॉक्सवर ठेवलं. नुसतं आमिष, माणसाच्या पेशींचा एक थेंब नाही, आणि सत्तरला तोच बँड. तितकाच गडद. किंवा मला त्या क्षणी थोडा जास्तच गडद वाटला.

ती काही बोलली नाही. ट्रे धुतला, पालथा घातला, मग म्हणाली, "म्हणजे ते माणसाचं नव्हतंच."

नव्हतंच. सत्तर किलोडाल्टनच्या आसपासचा हा पाहुणा बहुतेक वेळा ई. कोलायचा डीएनए-के असतो. नाव फसवं आहे, डीएनएशी त्याचं रोजचं काम नाही. जिवाणूचं हे एक मदतनीस प्रोटीन. कुणाची घडी नीट बसली नसेल, तेलकट भाग उघडे पडले असतील, तर हे जाऊन ते भाग झाकून धरतं. आपण जिवाणूकडून माणसाचं प्रोटीन भराभर बनवून घेतो, ते अर्धवट घडीचं तयार होतं, डीएनए-के त्याला धरून बसतं आणि आमिषाबरोबर मण्यांवर येतं. नुसत्या जीएसटीची घडी उत्तम बसते, म्हणून तिच्याकडे ते फिरकत नाही. त्यामुळे ती कंट्रोलची लेन स्वच्छ दिसते. नेमकी इथेच फसगत होते. कंट्रोल खोटं बोलला नव्हता, आम्ही त्याला दुसराच प्रश्न विचारला होता. शेपटीला काय चिकटतं ते त्याने सांगितलं. आमिष स्वतःबरोबर काय घेऊन आलंय ते त्याला विचारलंच नव्हतं.

यावरचा उपाय पुस्तकी आणि सोपा आहे. डीएनए-केला एटीपी मिळालं की त्याची पकड सुटते. म्हणून लायसेट घालण्याआधी आमिषाचे मणी दोन मिलिमोलर एटीपी आणि दहा मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये सदतीस अंशांना दहा मिनिटं ठेवायचे आणि धुवायचे. तिने तसं केलं. बँड पुरता गेला नाही, पण पाव राहिला असेल. मग त्यावर लायसेट ओतलं तर सत्तरला थोडं परत आलं. ते बहुधा माणसाचं एचएसपी-७०, त्याच घराण्यातलं आणि त्याच कारणाने चिकटलेलं. २०१३ साली काही प्रयोगशाळांनी एकत्र येऊन आपापल्या कंट्रोलमध्ये कोणकोणती प्रोटीन्स फुकट चिकटून येतात याची सामाईक यादी केली. तिचं नाव क्रॅपोम. (भाषांतर करत नाही, आई वाचते.) ती उघडली तर एचएसपी-७० ची मंडळी, अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, रायबोसोमची प्रोटीन्स सारखी भेटत राहतात. पेशीत जे मुबलक असतं ते सगळीकडे चिकटलेलं सापडतं, त्यात नवल काही नाही.

मग आम्ही दोघी बसलो आणि आमच्या धुण्याचाच हिशेब मांडला. हा भाग मला मनापासून आवडतो, त्यामुळे जरा सहन करा.

धुताना मण्यांवर साधारण २० मायक्रोलिटर द्रव मागे राहतो आणि आपण १ मिलिलिटर बफर घालतो. म्हणजे प्रत्येक धुण्याला मोकळं तरंगणारं जे काही आहे ते पन्नासपट पातळ होतं. तीन धुण्यांत सव्वा लाख पट. म्हणजे तीन वेळा धुतल्यावरही जे उरतंय ते "नीट धुतलं नाही" म्हणून उरलेलं नसतं. ते कशाला तरी चिकटलेलं असतं. त्याच बफरने चौथ्यांदा, पाचव्यांदा धुऊन मनाचं समाधान तेवढं होतं. प्रश्न विचारायचा तो हा, की ते कशाला चिकटलंय?

प्लास्टिकला असेल तर शेवटच्या धुण्याआधी मणी नव्या ट्यूबमध्ये घ्यायचे. इतकं साधं. जुन्या ट्यूबच्या भिंतीवर बसलेलं सगळं जुन्या ट्यूबमध्ये राहतं. नाहीतर आपण शेवटी त्याच ट्यूबमध्ये मणी उकळतो आणि भिंतीवरचंही निघून जेलवर येतं.

मण्याला असेल तर लायसेट आधी रिकाम्या मण्यांवर तासभर फिरवून घ्यायचं. मण्याला चिकटणारे तिथेच अडकतात, पुढचं लायसेट वापरायचं. आणि मणी कमी घ्यायचे. ती प्रत्येक ट्यूबला १०० मायक्रोलिटर घेत होती, कागदावर तसंच लिहिलंय. २० पुरतात. जास्त मणी म्हणजे फक्त जास्त जागा, आणि रिकामी जागा दिसली की कोणीतरी येऊन बसतंच, एसटीत बघतोच आपण.

काही जण मण्यांवरची रिकामी जागा आधीच बीएसए या गायीच्या प्रोटीनने भरून टाकतात. चांगली युक्ती आहे. पण बीएसए ६६ किलोडाल्टनचं, म्हणजे निळ्या जेलवर ते नेमकं सत्तरच्या पायथ्याशी जाऊन बसतं. आम्ही मेमध्ये ते वापरलं असतं तर पाहुणा त्याच्याआड लपला असता आणि आम्हाला कदाचित कधीच काही कळलं नसतं. बरंच झालं.

भारामुळे चिकटलं असेल तर मीठ. नेहमीचं १५० मिलिमोलर, म्हणजे लिटरला पावणेनऊ ग्रॅम. ३०० करता येतं. ५०० केलं की लिटरला २९ ग्रॅम होतात, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास. तेलकट भागांमुळे असेल तर ट्रायटनसारखा सौम्य साबण, अर्ध्या टक्क्यापर्यंत.

आणि मधे डीएनए किंवा आरएनए असेल तर? हे मला पीएचडीत कुणी सांगितलं नव्हतं. पेशी फोडली की न्यूक्लिइक आम्लाचे लांबच लांब धागे सुटतात. एका टोकाला आपलं आमिष, दुसरीकडे भलतंच प्रोटीन, दोघांची एकमेकांशी ओळख नाही, दोघं एकाच दोरीला धरून. खेचलं की दोघं येतात. १९९२ साली लाय आणि हर या दोघांनी दाखवलं की मिश्रणात एथिडियम ब्रोमाइड घातलं की डीएनएवरून जुळलेल्या अशा जोड्या सुटतात, खऱ्या टिकतात. आरएनएला तेवढं पुरत नाही, म्हणून आम्ही दोन्ही कापणारा न्यूक्लिएज घातला. त्या एका बदलात तिच्या जेलवरचे खालच्या बाजूचे पाच-सहा बँड गेले. रांगेने दिवे मालवावेत तसे. मी तर त्या बँडकडे महिनोन् महिने "पार्श्वभूमी" म्हणून बघत होते.

या सगळ्यात मेख अशी की धुणं वाढवलं की खरंही जातं. हा हिशेबही आम्ही कागदावर केला. एखादी खरी जोडी सैल असेल, समजा दर सेकंदाला शेकडा एक जोड्या सुटत असतील. तर सत्तर सेकंदांत निम्म्या सुटल्या. पाच मिनिटांच्या एका धुण्यात शंभरातल्या पाच उरल्या. तिसऱ्या धुण्याला काहीच नाही. प्रत्यक्षात मण्यांवर आमिष दाटीने असतं, सुटलेला शेजाऱ्याला धरतो, त्यामुळे इतकं वाईट होत नाही. पण पेशीतली कितीतरी महत्त्वाची कामं अशाच सैल जोड्या करतात. पाचशेचं मीठ घालून मिळालेलं स्वच्छ जेल कधी कधी फक्त एवढंच सांगतं, की आपण सगळ्यांना हाकललं.

हे तिला मी समजावून सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "रोपांसारखं."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. लावणीच्या वेळी रोपं उपटली की मुळांना चिखलाचे गोळे येतात. ते पायावर हलकं आपटून, पाण्यात खळबळून काढतात, मग जुड्या बांधतात. चिखल तसाच ठेवला तर जुडी जड होते, रोपं सुटी होत नाहीत. आणि नवशिक्याने जोरात आपटलं की चिखलाबरोबर बारीक पांढरी मुळंही तुटतात. मग आजी ओरडते. किती आपटायचं ते आजीने कधी सांगितलं नाही, म्हणाली, तुटलेली मुळं पाण्यावर तरंगताना दिसतात, त्यावरून कळतं.

मी त्याच दिवशी तिला सांगितलं की टाकून द्यायचं धुणीचं पाणी टाकू नकोस, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळं जेलवर चालव. सैल सोबती जात असेल तर त्यात दिसेल. खरं म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही, सगळे सांगतात, पण करत कुणी नाही. आजीने करून घेतलं.

आता जे लिहायचं टाळतेय ते.

माझ्या प्रबंधातही एक सत्तरचा बँड आहे. तिसऱ्या प्रकरणात. जीएसटीची लेन स्वच्छ, आमिषाच्या लेनमध्ये देखणा बँड, खाली माझा उत्साही परिच्छेद. लायसेट न घातलेली लेन नाही. पीएचडी मिळाल्यावर दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका कामाच्या निमित्ताने डीएनए-केबद्दल वाचलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत गार पडले. तेव्हा मी काय केलं? काही नाही. तो भाग कुठे छापून आला नव्हता, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही अशी समजूत घातली. त्याहून वाईट म्हणजे तो झेरॉक्स. ती एक ओळ त्यात लिहिणं किती सोपं होतं. पण लिहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, की ही कधीपासून? म्हणून कागद तसाच राहिला, दारावर लागत राहिला, आणि त्या कागदावरून काम करून एका मुलीचे सहा महिने गेले.

मला तिला हे सांगायचं नव्हतं. पण गुरुवारी पाऊस फार होता, तिला म्हटलं पौडपर्यंत सोडते, तिथून तुला जीप मिळेल. माणच्या पुढे घोटावड्याच्या रस्त्याला लागलो आणि वायपर पुरेनासे झाले म्हणून गाडी कडेला घेतली. ती हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या सर रागावले तर? मी सांगू का की जीएसटी कंट्रोल होता, म्हणून मला वाटलं?"

मग सांगितलं सगळं. प्रबंध, तिसरं प्रकरण, दोन वर्षं, कागद.

ती बराच वेळ काचेबाहेर बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा मला वाटत होतं की तिने रागवावं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं तर मे महिन्यात का नाही विचारलं?"

"सगळे खूश होते," मी म्हटलं. ऐकायला जितकं वाईट वाटतं तितकंच बोलायलाही वाटलं.

पौडला उतरताना ती "येते मॅडम" म्हणाली, नेहमीसारखंच. नेहमीसारखंच होतं का, याचा विचार मी रात्रभर केला.

शुक्रवारी तिने पहिलीच स्लाइड पाच लेनची ठेवली. प्रस्तावना नाही, पेशीचं रंगीत चित्र नाही. "हा बँड आधी आम्हाला सोबती वाटला होता. तो लायसेटशिवायही येतो." सर पुढे वाकून बघत राहिले. खोलीत एसीचा आवाज. मग ते म्हणाले, "अहवालातलं ते वाक्य काढावं लागेल." माझ्याकडे बघून म्हणाले, तिच्याकडे नाही. मी म्हटलं, "प्रोटोकॉल माझा आहे सर, त्यात ही लेन नव्हती, ती असायला हवी हे मला माहीत होतं." ते काही बोलले नाहीत. यावर त्यांच्याशी एकदा नीट बोलावं लागणार आहे.

पण मग तिने पुढची स्लाइड लावली. एटीपीचं धुणं, न्यूक्लिएज, कमी मणी, नवी ट्यूब, ३०० चं मीठ. निळ्या रंगात जवळजवळ काहीच नाही. त्याच जेलची सिल्व्हर स्टेन केलेली जोडी, ज्यात कितीतरी कमी प्रोटीनही दिसतं. शंभरच्या जरा वर एक फिकट रेघ. नुसत्या मण्यांच्या लेनमध्ये नाही, जीएसटीच्या लेनमध्ये नाही, लायसेट न घातलेल्या आमिषाच्या लेनमध्ये नाही. आणि धुणीच्या दुसऱ्या पाण्यात तिची अंधूक सावली.

"किती वेळा दिसली?" सरांनी विचारलं.

"तीनपैकी दोनदा."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा ५०० चं मीठ होतं सर."

सर हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ४०० करून बघ, २०० करून बघ, जेलचा तो तुकडा कापून मास स्पेकला पाठवू, वगैरे सुरू झालं. मोबाइल मात्र खिशातून काढला नाही.

ती रेघ काय आहे ते अजून माहीत नाही. क्रॅपोमच्या यादीतलंच कुणीतरी मोठ्या वजनाचं निघेल, ही शक्यता मी तिला सांगून ठेवली आहे. ती म्हणाली, "मग तसं लिहू." तिचा प्रोजेक्ट कागदोपत्री संपला, पण महिनाभर वाढवून मागितलाय.

कोल्ड रूमच्या दारावरचा कागद मी शुक्रवारीच काढला. नवा टाइप करून लावणार होते, पण तिने जुन्यावरच निळ्या पेनने पाचवी लेन लिहिली, मण्यांचे १०० खोडून २० केले आणि परत सेलोटेप लावली. आता त्याच्यावर दोन अक्षरं आहेत. माझ्या जुन्या गाइडना मी काल मेल लिहिलं, तिसऱ्या प्रकरणाबद्दल. ते निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, मेल बघतात की नाही कोण जाणे. उत्तर आलेलं नाही.

तिने शनिवारची सुट्टी घेतली होती, लावणी उरकायची होती म्हणून. आज रविवारीही पाऊस आहे म्हणजे अजून खाचरातच असेल. उद्या २०० च्या मिठाने चालवायचं आहे, बफर मी करून ठेवते म्हटलंय.

बॅटरी सहा टक्के. वीज काही आज येत नाही.